ऑगस्टात चोबेला चला

गाबोरोन, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर चोबेचा, म्हणजे बोत्सवानाच्या उत्तरेकडच्या चोबे नदीचा आणि तिच्या काठच्या जंगलाचा, विषय काढला, तर आईनं "बघू गं, आता या वयात कुठं जंगलं फिरायची" म्हणून तो बाजूला सारला, आणि बाबांनी "तिकिटाला किती?" एवढंच विचारलं. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. वाचा, मग हवं तर नाही म्हणा.

तुमच्या डोळ्यापुढं ताडोबा आहे, तो आधी काढून टाका. मध्यरात्री उठून गेटवर जायचं, जिप्सीत हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि वाघ दिसला नाही की दिवसभर तोंड पाडून बसायचं, तसं इथं नाही. जनावराच्या मागं आपण धावायचं नसतं. आपण नदीवर असायचं, जनावर पाण्यावर येतं. तुमचे गुडघे आणि कंबर लक्षात ठेवूनच मी ही जागा काढली आहे. ओकावांगोच्या दलदलीच्या रानातले तंबूचे कॅम्प जास्त नावाजलेले आहेत, पण तिथं खेळण्यातल्यासारख्या विमानात वाकून चढा, रात्री तंबूबाहेर पाऊल टाकायला रखवालदाराला हाक मारा, आणि वर पैसे असे की बाबांना झोप लागायची नाही. ते आपल्याला नको.

ऑगस्टच का, ते सांगते. मे ते ऑक्टोबर इथं पाऊस जवळजवळ नसतोच. पावसाळ्यात आतल्या मोपाने नावाच्या झाडांच्या रानात डबकी भरलेली असतात, तेव्हा हत्ती तिकडं पांगतात. जसजशी डबकी आटतात तसतसे कळपच्या कळप नदीकडं सरकतात. एका मोठ्या हत्तीला दिवसाला शे-दीडशे लिटर पाणी लागतं, तो जाणार कुठं? सप्टेंबर-ऑक्टोबरात तर झुंबड असते, पण ऑक्टोबरात पारा चाळिशी गाठतो आणि आईचं ब्लड प्रेशर मला माहीत आहे. ऑगस्टात दुपार छान असते, ओवीच्या शाळेला सुट्टी असते, आणि गणपतीच्या आधी तुम्ही घरी पोचता. मखराचं काम बाबांशिवाय होत नाही, हेही धरलंय.

बाबा, आता खास तुमच्यासाठी. ही नदी तुमच्या पाटबंधारे खात्याच्या हिशेबात बसणारी नाही. उगम अंगोलाच्या डोंगरात, तिथं ती क्वांडो. मग लिन्यांती, आणि कसाने गावापाशी येईपर्यंत चोबे. पाऊस सरल्यावर, एप्रिल-मेच्या सुमाराला, इथं पूर येतो, कारण वरचं पाणी खाली यायला वेळ लागतो. त्यात पुढं काझुंगुला गावापाशी तिला झांबेझी नदी मिळते. झांबेझीला पूर असला की फुगवट्यानं चोबेचं पाणी मागं सरकतं, म्हणजे काही काळ नदी चक्क उलटी वाहते. मला गाइडनं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली. तुम्ही असतात तर त्याला लेव्हल विचारून भंडावलं असतंत.

नदीच्या मधोमध सेडुडू नावाचं एक सपाट गवताळ बेट आहे. त्यावर बोत्सवाना आणि नामिबियाचं भांडण थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १८९० मध्ये इंग्रज आणि जर्मनांनी करारात लिहून ठेवलं होतं की हद्द मुख्य प्रवाहातून जाते. बेटाच्या दोन्ही अंगांनी पाणी वाहतं, मग मुख्य प्रवाह कोणता? खोली, रुंदी, वाहतं पाणी, सगळं तपासून १९९९ साली निकाल लागला की उत्तरेकडचा. बेट बोत्सवानाला मिळालं. आता तिथं झेंडा आहे आणि माणूस राहत नाही. आपल्याकडच्या पाणीतंट्यांची वर्षं मोजली तर हा खटला लवकरच निकालात निघाला म्हणायचा.

हत्तींना या निकालाशी घेणं नाही. आम्ही गेलो होतो तेव्हा एक कळप याच बेटावर जायला पाण्यात उतरला. मोठ्या माद्या कडेनं, पिल्लं मधे, सगळ्यांच्या सोंडा वर. मधल्या खोल भागात तर पिल्लांच्या फक्त सोंडांची टोकं दिसत होती. पलीकडं चढले तेव्हा प्रत्येक जण दोन रंगांचा, खालून ओला काळा आणि पाठीवर सुकी मातकट धूळ. मग चरायला लागले. गवताचा झुबका सोंडेनं उपटायचा, पाण्यात हापटायचा, मुळांची माती निघेपर्यंत झटकायचा, मग तोंडात घालायचा. आई, तू मेथीची जुडी धुतेस ना, अगदी तसं. वाळू चावून दाढा झिजतात आणि दाढा गेल्या की हत्तीचं खाणंच संपतं, म्हणून ही काळजी.

पाणघोडे, मगरी, रानम्हशींचे कळप हे बोटीतून हमखास दिसतात. सिंह दिसेल असं मी लिहून देत नाही. बाबांची दुर्बीण मात्र आणा, कारण पक्षी भरपूर आहेत. पांढऱ्या डोक्याचा मत्स्यगरुड झाडाच्या शेंड्यावर बसून ओरडतो आणि काळा-पांढरा खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत राहून सूर मारतो.

बोटीचं मी बारकाईनं विचारून ठेवलंय. मोठी दुमजली बोट असते, तिच्यात शौचालय असतं, पण गाणी आणि बिअर पिणारी पोरंही असतात. अगदी छोट्या बोटीत शांतता असते, पण शौचालय नसतं, आणि बाबांची पाण्याची गोळी आहे. मधल्या आकाराची, शौचालय असलेली एक मिळते, तीच सांगितली आहे. दुपारी तीनच्या सुमाराला निघून सूर्यास्ताला परत. जीपची सफारी एकच ठेवली आहे. रस्ता नुसती वाळू, धक्के बसतात. बाबांनी पुढं, ड्रायव्हरशेजारी बसायचं. पहाटे उघड्या जीपमध्ये वारा बोचतो, तेव्हा स्वेटर, कानटोपी, मफलर सगळं आणा. "आफ्रिकेत कसली थंडी" असं म्हणून आई निम्मं घरी ठेवणार, म्हणून ठासून लिहिते.

गाबोरोनहून कसाने गाडीनं सव्वानऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. आम्ही विमानानंच नेणार. बाबांना रस्ता आवडला असता, हे खरं. शेवटच्या तीनशे किलोमीटरमध्ये, नाटा गावाच्या पुढं, हत्ती हायवेवर उभे असतात, त्यामुळं अंधार पडल्यावर कुणी शहाणा गाडी हाकत नाही. वाटेत गाड्या थांबवून चपला-बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात आणि डिक्कीत कच्चं मांस आहे का बघतात. लाळ्या-खुरकूत इकडून तिकडं जाऊ नये म्हणून. रानम्हशींकडून गुरांना लागण होते आणि इथलं गोमांस परदेशात जातं, म्हणून ते फार कडक पाळतात.

कसानेहून व्हिक्टोरिया धबधबा ऐंशी किलोमीटरवर, झिम्बाब्वे आणि झांबियाच्या हद्दीवर. एक दिवस तिकडं, झिम्बाब्वेच्या बाजूला. तिथं मिलिटरी छापाचे कपडे घालणं बेकायदा आहे, तेव्हा दादानं दिलेली ती टोपी बाबांनी आणू नये. झांबेझीवरच खाली खूप दूर कारिबा धरण आहे. तिथं जाणार नाही, पण बाबांना सांगावंसं वाटलं: जलाशय भरल्यावर १९६३ मध्ये तिथं मोठा भूकंप झाला होता. तुम्ही शाळेत असताना, १९६७ च्या डिसेंबरात पहाटे कोयनेला जो झाला, त्याच्याबरोबर कारिबाचं नाव अजून घेतात.

आता तब्येतीचं. कसाने मलेरियाच्या पट्ट्यात येतं. कोरड्या महिन्यांत धोका कमी असतो, पण गोळ्या घ्यायच्या का आणि कोणत्या, ते तुमच्या बाकीच्या औषधांची यादी दाखवून डॉक्टरांना विचारा. अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून येणारं तिकीट स्वस्त दिसलं तरी दादाला काढू देऊ नका. त्या देशांतून आलं की पीतज्वराच्या लशीचा दाखला मागू शकतात, आणि साठीनंतर ती लस डॉक्टरही विचार करूनच देतात. दुबई-जोहान्सबर्गवरून या. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. व्हिसाचे कागद मी बघते.

आई, मेतकूट, भडंग, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त आण. ताजा कढीपत्ता आणि बियाणं नको, विमानतळावर काढून घेतील. लॉजवाल्यांना मांस-मासे-अंडी नको म्हणून कळवलंय. ते वांगी-भोपळा-बटाटा देतील, मसाल्याची आशा ठेवू नकोस. आणि कसानेत रस्त्याच्या कडेला रानडुकरं पुढचे गुडघे टेकून गवत खात असतात. त्यांना काही खायला घालायचं नाही, कितीही गरीब दिसली तरी. तुला आत्ताच सांगून ठेवते.

पैशांचं बोलू नका. निखिलनं आणि मी ते वर्षभरापासून बाजूला काढले आहेत, आणि इथं राहणाऱ्यांना उद्यानाची फी कमी पडते. तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात: पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो, आणि डॉक्टर काय म्हणाले ते. या महिन्यात कळवलंत तर बोट आणि खोल्या पक्क्या करता येतील. खोली तळमजल्यावरची मागितली आहे.

काकूंना नमस्कार, दादा-वहिनींना सांगणे.

तुमची,
मनू