अक्का, पीस लिलीने फूल धरलंय

प्रिय अक्का,

तोंडावर आभार मानले तर तुम्ही "असू दे की गं" म्हणून उठून जाल. म्हणून चार लोकांदेखत लिहिते.

जुळे सोलापुरात राहायला आले तेव्हा हवा शुद्ध होते म्हणून मी पीस लिली आणली. (झाडांनी हवा शुद्ध होते असं ज्यावरून सांगतात, तो नासाचा १९८९चा प्रयोग बंद पेटीतला होता. आपल्या उघड्या दारं-खिडक्यांच्या घरात तेवढ्यासाठी जंगलच लावावं लागेल, हे नंतर कळलं.) मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. रोज दुपारी ती मान टाकायची, मी तांब्याभर पाणी ओतायचे, संध्याकाळपर्यंत ती उठायची. मग एक दिवस उठेना. मी आणखी ओतलं.

तुम्ही कुरडया द्यायला आलात आणि आधी कुंडीचा वास घेतलात. रोप उपटलंत तर मुळं काळी, बोटांत गळणारी. "तहानलेलं पण मान टाकतंय, बुडालेलं पण. आधी कुंडी उचलून बघायची. जड असली की तांब्या खाली." हे वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते, तुमचं नाव न सांगता, तेवढी चोरी माफ करा.

पान निरखून तुम्ही म्हणालात, "ही तर अळूच्या भावकीतली." आणि हाताला तेल चोळूनच सुरी धरलीत. मला हसू आलं होतं. पण खरंच, नावात लिली असली तरी कूळ अळूचंच. अळू खाजतं ते ज्या बारीक स्फटिकांमुळे, तेच हिच्यात. आमच्या मनीला पानं चावायची खोड, म्हणून कुंडी आता तिच्या उडीबाहेर, उत्तरेच्या खिडकीत. तिथे उजेड भरपूर, ऊन नाही.

सडकं कापून उरलेली चार मुळं तुम्ही लहान कुंडीत, कोकोपीट मिसळलेल्या भुसभुशीत मातीत लावलीत. पानांची टोकं करपत होती, त्यावर बोअरचं खारं पाणी बंद करायला लावलंत. पावसाळ्यात पिंप भरून ठेवलं, तेच पुरवून वापरते. जुनी टोकं तपकिरीच राहिली, नवी पानं मात्र स्वच्छ आली. कूलरच्या खोलीत ठेव, पण झोताच्या वाटेत नको, हेही तुमचंच.

परवा पहिलं फूल आलं. म्हणजे पांढरं दिसतं ते पानच म्हणे, खरी फुलं मधल्या कणसावर. बुडाशी दोन पिल्लंही फुटली आहेत. एक तुमचं. रिकामी कुंडी काढून ठेवा, रविवारी येते.

तुमची,
शेजारीण