किलोमीटरवरून विमानाचा वेळ काढू नका

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत टूर कंपनीशिवाय, स्वतः तिकिटे काढून युरोपला जाणारी अनेक कुटुंबे नाशिकमध्ये आहेत. आपल्या पर्यटन पुरवणीत त्यांच्यासाठी दोन विमानतळांमधले अंतर आणि ‘उड्डाणाचा वेळ’ छापला जातो. तेवढ्यावर दिवस आखला तर तो फसतो, म्हणून हे पत्र.

पॅरिसच्या शार्ल द गॉलपासून रोमच्या फ्युमिचिनोपर्यंतचे हवाई अंतर साधारण १,१०० किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरला, की हिशेब येतो एक तास वीस मिनिटे. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून थोडा जास्त वेळ असतो आणि तोच खरा. विमान एका गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा तो वेळ आहे. मोठ्या विमानतळावर टॅक्सीवेवरून धावपट्टी गाठायलाच पंधरा-वीस मिनिटे जातात. दहा हजार फुटांखाली वेग साधारण ताशी ४६० किलोमीटरच्या आतच ठेवावा लागतो. हवाई मार्ग सरळ रेषेत नसतो, उतरण्यासाठी नंबर लागेपर्यंत वळसे घ्यावे लागतात आणि थोडाफार उशीर कंपन्या आधीच धरून ठेवतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात आणि पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे. त्यामुळे लंडनच्या हीथ्रोहून ९.३० ला सुटलेले विमान पॅरिसला ११.५० ला पोहोचलेले दिसते, तर पॅरिसहून १ वाजता सुटलेले लंडनला १.२० ला! दोन्हीकडे प्रवास एक तास वीस मिनिटांचाच. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नसल्याने व्हिसा वेगळा आणि पासपोर्टची रांगही आलीच. या मार्गावर मी तरी रेल्वेच सुचवीन : भर शहरातून भर शहरात, सव्वादोन तासांच्या आसपास.

विमानतळाच्या नावावरही विसंबू नये. स्वस्त तिकिटावरचे ‘पॅरिस बोव्हे’ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून लांब आहे, जवळजवळ नाशिक-शिर्डी इतके. बसला सव्वा तास लागतो. ‘फ्रँकफर्ट हान’ तर फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. त्यात दोन विमानांची तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. बॅगही बाहेर घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते. अशा वेळी मध्ये किमान चार तास ठेवावेत.

अंतराचा आकडा खरोखर कामी येतो तो भरपाईला. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमात १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो, आणि संघांतर्गत त्याहून लांबच्या उड्डाणाला ४०० युरो आहेत. कंपनीच्या चुकीने पोहोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर भारतीय पासपोर्टधारकालाही ते मागता येतात. खराब हवामान यात येत नाही. पोहोचल्याची वेळ म्हणजे चाके टेकल्याची नव्हे, विमानाचे दार उघडल्याची. ती तिथेच टिपून ठेवावी आणि बोर्डिंग पास फेकू नये.

पुरवणीत यापुढे गेट ते गेट वेळ, दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरक आणि विमानतळापासून शहराचे अंतर छापावे, ही विनंती.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक