नुसते पॅड टाकून घाट उतरू नका

संपादक महोदय,

पावसाळा लागला की परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चारचाकींची रीघ लागते. त्याआधी इकडच्या गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येते : "भाऊ, फक्त ब्रेकचे पॅड टाकून दे, बाकी राहू दे." या 'बाकी'त ब्रेक ऑइलही येते, म्हणून हे पत्र.

ब्रेक ऑइल ओल ओढते. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण घट्ट असले तरी रबरी होजमधून ती मुरतच राहते. नवे डॉट ३ ग्रेडचे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, डॉट ४ किमान २३० अंशांना. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच हद्द १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क याहून कितीतरी जास्त तापते आणि ती उष्णता पॅड दाबणाऱ्या पिस्टनमधून ऑइलला लागते. पाण्याची वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते. म्हणून पायडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. खाली येऊन गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी, पायडल पूर्ववत. मिस्त्रीला काही सापडत नाही आणि मालकाला 'भास झाला असेल' असे सांगून परत पाठवले जाते. भास नसतो तो. बहुतेक गाड्यांचे ऑइल दोन वर्षांनी बदलायचे असते, गाडी कमी फिरली असली तरी.

कोणते ऑइल, ते डबीच्या झाकणावरच लिहिलेले असते. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते, उलटे करू नये. डॉट ५ हे सिलिकॉनचे, ते यात मिसळायचेच नाही. फळीवर उघडा पडलेला अर्धा डबा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. सीलबंद डबा समोर फोडायला लावा. सगळे ऑइल बदलायला छोट्या गाडीला साधारण एक लिटर धरावे. इंजिन ऑइलचा थोडासा अंश जरी गेला तरी आतली रबरे फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून (पायडलचा दाब ऑइलला देणारा भाग) सगळेच बदलावे लागते.

ऑइल बदलल्यावर नळ्यांतली हवा काढताना जुन्या गाडीचे पायडल तळापर्यंत हाणू नये. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो, त्यावर सील घासून फाटते. पायडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की काम भागते. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावा, कारण अनेक गाड्यांत ब्रेकच्या नळ्या तिरप्या जोडलेल्या असतात.

पॅड तपासताना अलॉय चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड बघून 'अजून चालते' म्हणणे हीच मोठी चूक. आपल्या काळ्या मातीचा चिखल कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनांपाशी वाळून बसतो, पिना जाम होतात आणि आतला पॅड आधी संपतो. बाहेर ६ मि.मी. आणि आत उघडे लोखंड, असे निघू शकते. चाक काढून दोन्ही पॅड बघा. पॅडवरचा मसाला ३ मि.मी.वर आला की जोडी बदला, तीही दोन्ही चाकांची. पिना बाहेर काढून पुसून सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने त्यांची रबरे फुगतात. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नये, तारेने बांधावा. पिस्टन मागे ढकलताना डबीतले ऑइल वर येते. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उतरतो.

डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेली तर लेथवर टर्निंग मारून उपयोग नाही. नवी डिस्क बसवण्याआधी ती जिथे बसते त्या हबवरचा गंज पॉलिश पेपरने घासलाच पाहिजे. कण राहिला तर डिस्क वाकडी फिरते आणि महिना-दोन महिन्यांत ब्रेक दाबला की पायडल थरथरते. दोष मात्र डिस्कच्या कंपनीला मिळतो. डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसावा.

काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पायडल घट्ट होईपर्यंत मारावे. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० कि.मी.वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवावा, मध्ये थंड होऊ द्यावे, तापलेल्या ब्रेकवर थांबून राहू नये.

घाट उतरताना न्यूट्रल टाकून इंजिन बंद करणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे : दोन-तीन वेळा ब्रेक मारल्यावर ब्रेकला जोर देणारा इंजिनचा व्हॅक्यूम संपतो आणि पायडल दगडासारखे होते. ज्या गिअरने चढलात, त्याच गिअरने उतरा.

गॅरेजवाल्यांनी बिलावर ऑइलचा ग्रेड आणि बदलल्याची तारीख लिहावी, जुने पॅड मालकाच्या हातात द्यावेत. मालकांनीही ते मागून घ्यावेत, आतला आणि बाहेरचा दोन्ही.

– एक मोटार मेकॅनिक, परतवाडा (जि. अमरावती)