जारवा ‘दाखवणारे’ टूरवाले

महोदय,

बेस्टमध्ये एकतीस वर्षे स्टिअरिंग धरले. आता निवृत्तीनंतर डिसेंबरात अंदमानात चार दिवस रस्त्याने फिरायचा बेत होता. आपली माणसे सेल्युलर जेलला हात जोडून, हॅवलॉकला समुद्रात भिजून परततात. मला पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) ते उत्तरेचे दिगलीपूर हा अंदमान ट्रंक रोड बघायचा होता. मिडल स्ट्रेटच्या खाडीत बससकट बार्जवर चढून बाराटांग बेट गाठायचे, हे ड्रायव्हरला सांगा, तो चहा सोडून ऐकेल!

दादरच्या एका टूरवाल्याकडे गेलो. म्हणाला, “काका, पहाटेच्या ताफ्यात बसवतो, जारवा नक्की दिसतील.” जारवा म्हणजे तिथल्या जंगलात राहणारे आदिवासी. आणि हा बोलतो राणीच्या बागेतला पेंग्विन असल्यासारखे! त्यांच्या जंगलाच्या तोंडावरच्या जिरकाटांगपासून गाड्या ठरल्या वेळी पोलीस ताफ्यानेच सोडतात. वाटेत थांबणे, फोटो काढणे, खाऊ देणे हा गुन्हा आहे. 1999 मध्ये या लोकांत गोवराची साथ पसरली होती. 2002 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जंगलातून जाणारा हा रस्ता बंद करायला सांगितले होते. तरीही वाहतूक चालूच आहे. आपल्याकडचे टूरवाले निदान जाहिरातीत तरी जारवांची नावे घेणे थांबवतील का?

मी आता दिगलीपूरला बोटीने जायचे म्हणतो. सौभाग्यवतींना मांडव्याच्या लाँचमध्येही मळमळते, त्यामुळे घरी वाटाघाटी सुरू आहेत.

— एक निवृत्त बसचालक, परळ