गिअरबॉक्सचा दचका आणि लेखी निदान

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, पवईच्या आयआयटीच्या थोडे अलीकडे, गाडी दोन हात पुढे सरकावी, थांबावी, पुन्हा सरकावी असे चालले असताना मागून कोणीतरी बंपर टेकवला असे वाटून मी काच खाली केली. मागची गाडी चांगली लांब उभी होती. पुढच्या दहा मिनिटांत तसाच दचका आणखी चार वेळा बसला, आणि प्रत्येक वेळी तो गाडी थांबता थांबता, म्हणजे गिअर दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना बसत होता, हे लक्षात आले. गाडी पाच वर्षांची, ४८ हजार किलोमीटर चाललेली आणि ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. मरोळ ते मुलुंड हा तिचा रोजचा रस्ता. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मला जे कळले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण या तक्रारीवर मिळणारी अंदाजपत्रके लाखांच्या घरात असतात आणि त्यांमागचे निदान मात्र बहुधा तोंडीच असते.

आपल्याकडे क्लचचे पेडल नसलेली जवळजवळ प्रत्येक गाडी सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकली जाते. जुन्या पद्धतीच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते, त्यामुळे गाडी तासभर रांगली तरी झिजणारे फारसे काही नसते. स्वस्त एएमटीमध्ये नेहमीचाच एक क्लच, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणारी-सोडणारी प्लेट, यंत्राकडून दाबला जातो, त्यामुळे गिअर बदलताना थोडे डुलणे तिच्या स्वभावातच असते. ड्युअल क्लचमध्ये मात्र दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५ हे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे सम गिअर. एक गिअर चालू असतानाच पुढचा आधीच लावून ठेवलेला असतो आणि एक क्लच सुटताना दुसरा पकडतो. ही कल्पना आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने १९३९ च्या सुमारास मांडली, १९८० च्या दशकात पोर्शेने ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली आणि २००३ मध्ये ती फोक्सवॅगनच्या रस्त्यावरच्या गाडीत आली. शर्यतीत मुरलेल्या यंत्राला आपण कांजूरमार्गच्या सिग्नलला तीन तीन हिरवे दिवे पाहात उभे करतो, ही त्यातली गंमत.

यातही सुका आणि ओला असे दोन प्रकार आहेत, आणि गाडी विकताना हा फरक क्वचितच सांगितला जातो. ओल्या प्रकारात क्लच तेलात फिरतात आणि तेल उष्णता वाहून नेते. मात्र ते तेल आणि त्याचे फिल्टर वेळेवर बदलावे लागतात. सुक्या प्रकारात उष्णता केवळ हवेवाटे बाहेर पडते. रांगत्या रहदारीत गाडी सतत हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट पकडलेल्या स्थितीत राहते, प्लेट घासत राहते, तापते आणि मग थरथर सुरू होते. माझी गाडी सुक्या प्रकारची आहे, हे मला पाच वर्षांनी, तेही एका मिस्त्रीकडून कळले.

पहिल्यांदा मी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तेव्हा सकाळी साडेदहाला, थंड गाडीवर, मोकळ्या सर्व्हिस रोडने ट्रायल घेऊन ‘गाडी ओके आहे’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या खेपेला संगणक जोडला गेला आणि दहा मिनिटांत निकाल लागला: मेकॅट्रॉनिक बदलावे लागेल, १ लाख ८५ हजार रुपये, मजुरी वेगळी. मेकॅट्रॉनिक म्हणजे गिअर आणि क्लच हलवणारे झडपा, सेन्सर आणि संगणक यांचे एकत्रित यंत्र. कोणता एरर कोड आला, असे विचारले तेव्हा ‘ते सिस्टिममध्ये आहे’ हे उत्तर मिळाले. त्याची प्रत मागितली, तर तशी पद्धत नाही म्हणाले.

मग ओळखीतून भांडुपच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी आधी स्कॅनर काढलाच नाही. मला शेजारी बसवून संध्याकाळी सहाला लालबहादूर शास्त्री मार्गावर पाऊण तास गाडी रांगवली आणि एकेक प्रश्न विचारत राहिले. थंड असताना होते की तापल्यावर? पुढे निघताना की रिव्हर्सला? चढावर की सपाटीवर? तेव्हा मला आठवले की आमच्या सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर समोरून गाडी आली आणि चढावर मागे घ्यावी लागली की गाडी खडखड थरथरते. वॉचमननेच एकदा विचारले होते, ‘साहेब, गाडीला थंडी भरली का?’ पहिल्या गिअरमध्ये त्याच रॅम्पवर मात्र ती निमूट चढते. मिस्त्री म्हणाले, ‘म्हणजे दुखणी दोन आहेत.’ रिव्हर्स कोणत्या क्लचवर असतो हे बनावटीनुसार बदलते. माझ्या गाडीत तो सम गिअरांच्या क्लचवर आहे. निघतानाची थरथर रिव्हर्सला होते आणि पहिल्याला होत नाही, तेव्हा संशय त्या एका क्लचवर जातो, सगळ्या मेकॅट्रॉनिकवर नाही.

त्यानंतर बोनेट उघडले. बॅटरी गाडीबरोबर आलेली, पाच वर्षांची. चावी फिरवताना तिचा दाब नऊ व्होल्टच्याही खाली जात होता. बॅटरी धड असेल तर तो साडेनऊ-दहाच्या वर राहायला हवा. या गिअरबॉक्सचा सगळा कारभार विजेवर चालतो, त्यामुळे मरतुकडी बॅटरी खोटे एरर कोडही दाखवू शकते. गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग, म्हणजे त्याला धरून ठेवणारा रबरी आधार, पहारीने हलवून पाहिले तर रबराला बोट शिरेल एवढी चीर होती. प्लग आणि इग्निशन कॉइलही तपासले, कारण इंजिन मिसफायर होत असेल, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसेल, तर त्याचे धक्केही गिअरबॉक्सच्याच माथी मारले जातात. स्कॅनर सगळ्यात शेवटी आला. त्यावर क्लचचे तापमान, झीज आणि क्लच कुठे पकडतो याचे आकडे त्यांनी माझ्यासमोर वहीत उतरवले. बॅटरी आणि माउंटिंग बदलून क्लचचे ॲडाप्टेशन केले, म्हणजे झिजलेली प्लेट आता नेमकी कुठे पकडते हे संगणकाला नव्याने शिकवले, आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर येतानाचा दचका गेला. रॅम्पवरची थरथर गेली नाही. तो क्लच खरोखरच संपत आला होता आणि दोन महिन्यांनी क्लचचा पूर्ण संच बदलावा लागला. खर्च चुकला असे मी म्हणत नाही. पण तो अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी झाला आणि ज्या भागाचा दोष होता त्याच भागावर झाला. मेकॅट्रॉनिक आजही मूळचेच आहे.

‘गिअर ऑइल बदला, दचके जातील’ असे सांगणारेही भेटतात. सुक्या क्लचला ते तेल लागतच नाही, तेव्हा त्याची थरथर तेलाने जाण्याचे कारण नाही. तेलाचा संबंध वेगळ्या दोषाशी असू शकतो: २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या अशा गिअरबॉक्समधील सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण उष्ण, दमट हवेत आणि थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होण्याची शक्यता होती. उष्ण, दमट आणि थांबत-चालत, हे मुंबईचेच वर्णन आहे.

आपली चूकही कबूल केली पाहिजे. समोरची गाडी हातभर सरकली की मी लगेच ब्रेक अर्धवट सोडून मागोमाग सरकत असे, आणि फ्लायओव्हरच्या चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवत असे. दोन्हीत क्लच जळतो. आता मी पुढे दोन गाड्यांची जागा होऊ देतो आणि मगच निघतो, थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबतो, आणि फारच कोंडी असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्या गिअरवर राहतो, म्हणजे पहिला-दुसरा-पहिला ही यंत्राची घालमेल थांबते. मधल्या जागेत रिक्षा घुसतात, ते सोसतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. एरर कोडची छापील प्रत, बॅटरीचा दाब, क्लचचे तापमान आणि झीज, आणि ज्या परिस्थितीत दोष दिसतो त्याच परिस्थितीत घेतलेल्या ट्रायलची नोंद, एवढा कागद हातात आल्याशिवाय लाखाच्या अंदाजपत्रकावर सही करू नये, अशी माझी वाचकांना विनंती आहे. तो नाकारला गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि विक्रेत्यांनी किमतीच्या पत्रकावर मायलेजच्या शेजारी ‘सुका क्लच’ की ‘ओला क्लच’ एवढे दोन शब्द छापावेत. गाडी मरोळ-मुलुंड चालवायची की मुंबई-पुणे, हे ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाला तेवढे पुरेसे आहे.

कळावे,
आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)