लेकीस पत्र : कार्डातलं एक भोक

सोलापूर, २५ जानेवारी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री 'काही नाही बाबा, झोप आलीय' म्हणून तू फोन ठेवलास. नंतर तुझ्या आईकडून कळलं, की तुझा कोड तपासायला गेला आणि त्यावर २३ शेरे आले, म्हणून तू रडत होतीस. फोनवर मला पटकन सुचत नाही, तेव्हा लिहितोय. सावकाश वाच.

मी जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा-दुरुस्त करणारा, होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. मागाला नक्षी सांगणाऱ्या जॅकार्डच्या भोकांच्या कार्डांची साखळी असते, तिच्यातलं एक कार्ड फाटलं. जुनं समोर ठेवून मी नवं कार्ड पंच केलं, दोरीने शिवलं, माग चालू केला. तुला माहीतच आहे, कार्डात भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा (उभा) धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मी एक भोक कार्डावरच्या शेजारच्या खान्यात पाडलं होतं. चादरीवरच्या प्रत्येक मोराच्या मानेत एक पांढरा ठिपका येत राहिला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत १८ चादरी निघाल्या होत्या.

उस्ताद रागावले नाहीत. मागाच्या पाठीमागे मला उभं केलं आणि म्हणाले, ठिपक्यापासून वर जा. कुठला धागा? तो कुठल्या हुकाला? तो हूक कुठल्या कार्डावर उचलला गेला? दीड तास लागला. त्याआधी मी फणी बघत होतो, धोटा बदलत होतो, कांडीवर संशय घेत होतो. चूक तिथे नव्हतीच.

आता तुझं बघ. प्रोफाइलच्या पानावर नाव येत नव्हतं, आणि तू दोन दिवस रिअ‍ॅक्टच्याच, म्हणजे पडद्यावरचं पान बनवणाऱ्या, कोडमध्ये घालवलेस. पडदा सर्व्हरला विचारतो, सर्व्हर डेटाबेसला, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं, हे मला दिवाळीत तूच समजावलं होतंस. सर्व्हर नाव एका शब्दाखाली पाठवत होता आणि पडदा ते दुसऱ्याच शब्दाने शोधत होता. आधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून काय उत्तर आलं ते बघावं, असा एक शेरा त्या २३ मध्ये आहे म्हणे. तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. उस्तादांनी मला पाठीमागे उभं केलं होतं, तसंच आहे ते.

आणि बाळा, २३ शेरे म्हणजे कुणीतरी तुझी ओळ न् ओळ वाचली. मागच्या उन्हाळ्यातली ती इंटर्नशिप आठव. आठ हजार रुपये भरून घेतले, सगळ्या पोरांना एकच तयार प्रोजेक्ट दिला आणि शेवटी सर्टिफिकेट हातात ठेवलं. तुझा कोड तिथे कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. तेव्हा एकही शेरा नव्हता. चौकशी न करता पैसे मी भरले, ती चूक माझी होती, आणि ती मला अजून लागते.

आमच्याकडे विणलेली चादर परत उसवता येत नाही. तुझ्याकडे गिट आहे, चुकलं तर मागच्या जागी परत जाता येतं. मग चुकायला एवढी भितेस कशाला गं? अडलीस तर अर्धा-पाऊण तास स्वतः झगड, मग काय काय करून पाहिलं ते लिहून मेंटरला विचार. विचारायला लाजू नकोस.

बारावीत असताना तू कारखान्यात डबा घेऊन आली होतीस. मी जेवत होतो आणि तू मागाजवळ उभी राहून मोठ्याने वाचून दाखवलंस, की फ्रान्समध्ये १८०४ साली जॅकार्डने कार्डावर चालणारा माग बनवला आणि पुढे बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तीच कार्डं घ्यायचं ठरवलं. इतकी वर्षं मी ज्या साखळीला तेल-पाणी करत होतो, तिच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून नीट पाहिलं. तू कॉम्प्युटरलाच जाणार, हे मी त्याच दुपारी ओळखलं.

यंदा सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षतेला तू नव्हतीस. सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या संमती कट्ट्यावर आल्या, पांढऱ्या बाराबंदीतली पोरं घामाने भिजली होती. आईने तुझ्या वाटच्या अक्षता टाकल्या.

स्टायपेंडमधलं घरी काही पाठवू नकोस. मेसचे पैसे वेळेवर भर आणि रात्री जेवल्याशिवाय झोपू नकोस. रविवारी शेजारचे काका हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतोय, स्टेशनवर जाऊन घे. चटणी मैत्रिणींनाही दे, आईने जास्तच कुटलीय.

२३ पैकी किती शेरे मिटले, ते रविवारी फोनवर सांग. मी वहीत लिहून ठेवणार आहे.

तुझा,
बाबा