एका फोटोओळीचे आभार

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

फ्रेंच छायाचित्रकार विली रोनीस यांच्यावरील माझे व्याख्यान पार पडले. श्रोत्यांनी नंतर थांबून ज्या गोष्टींबद्दल विचारले, त्या बहुतेक सगळ्या आपण फोनवर मला वाचून आणि उलगडून दाखवलेल्या फ्रेंच मजकुरातल्या होत्या. कार्यक्रमाच्या शेवटी मात्र आपले आभार एका वाक्यात, इतर तिघांच्या बरोबरीने उरकले गेले, आणि ही चूक माझीच होती. ती थोडीफार भरून निघावी म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. आपले नाव छापलेले आपल्याला रुचणार नाही, हे ठाऊक असल्याने ते लिहिलेले नाही.

मी आपल्याकडे आले तेव्हा माझे मत जवळजवळ ठरलेले होते. रोनीस म्हणजे जुन्या पॅरिसचा प्रसन्न, थोडा गोडसर छायाचित्रकार, आणि त्याचा पुरावा म्हणजे काखेत स्वतःच्या उंचीचा बगेत पाव धरून हसत धावणारा 1952 सालचा तो मुलगा, असे मी टिपणात लिहूनही ठेवले होते. आपण टिपण ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘फोटोओळ काय आहे? आणि ते स्वतः त्या फोटोबद्दल काय म्हणतात?’’ मला काहीच सांगता आले नाही. मग आपण वाचलेत, की रोनीस यांना हा मुलगा पावाच्या दुकानातल्या रांगेत आजीबरोबर उभा असलेला दिसला, त्यांनी आजीची परवानगी घेतली, आणि पाव घेऊन बाहेर आल्यावर त्याला थोडे धावायला सांगितले. मनासारखे चित्र मिळेपर्यंत तो तीनदा धावला. अवचित गवसलेला क्षण म्हणून मी ज्याचे कौतुक करणार होते, तो आधी विचारून, ठरवून घेतलेला निघाला. मी खट्टू झाले, आणि आपण हसलात. फसवणूक वाटली का, असे आपण विचारलेत, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणालात, की ज्याने हे कधी लपवले नाही त्याच्यावर रागावून काय होणार.

त्या दिवसापासून मी चित्राआधी ओळ वाचू लागले, आणि रोनीस यांचे आयुष्यही मला निराळ्या क्रमाने दिसू लागले. 14 ऑगस्ट 1910 रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या या मुलाला संगीतकार व्हायचे होते. आई पियानो शिकवायची, तो व्हायोलिन वाजवायचा. ओदेसाहून आलेल्या वडिलांचा पॅरिसच्याच माँमार्त्र भागात फोटो स्टुडिओ होता. 1932 मध्ये सक्तीची लष्करी सेवा संपवून घरी परततो तो वडील आजारी, आणि स्टुडिओ त्याच्या गळ्यात पडलेला. लग्नाचे फोटो आणि रीटचिंग यांत त्याचा जीव रमला नाही. 1936 मध्ये वडील गेले, स्टुडिओ सुटला, आणि त्याच वर्षीच्या 14 जुलैला, पॉप्युलर फ्रंट या डाव्या पक्षांच्या आघाडीच्या निवडणूक-विजयानंतरच्या मिरवणुकीत, वडिलांच्या खांद्यावर बसून मूठ उंचावणारी एक लहान मुलगी त्याने टिपली. संगीत मात्र सुटले नाही. एकाच चौकटीत तीन-चार माणसे आपापल्या उद्योगात असतात आणि तरी चित्र विस्कटत नाही, या रचनेचा संबंध ते स्वतः संगीतातल्या काउंटरपॉइंटशी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींच्या मेळाशी, जोडत. तो शब्द आपण मला दोन सूर एकाच वेळी गुणगुणण्याचा प्रयत्न करून समजावलात. तो प्रयत्न फसला, पण मुद्दा कळला.

आपले सर्वांत मोठे ऋण मात्र रोझ झेनेर यांच्या छायाचित्राबाबतचे आहे. मार्च 1938 मध्ये पॅरिसच्या जावेल भागातील सिट्रोएन कारखान्यात संप चालू असताना ‘रेगार’ या साप्ताहिकासाठी रोनीस आत गेले. एका दालनात उंचावर उभी राहून, हात पुढे ताणून, एक कामगार प्रतिनिधी जमलेल्या स्त्रियांशी तावातावाने बोलत होती. आपण उपरे आहोत, या जाणिवेने अवघडून त्यांनी ते दृश्य टिपले आणि काढता पाय घेतला. निगेटिव्ह काळोखी निघाली, चांगली छपाई होण्यासारखी नव्हती, म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. तब्बल चार दशकांनी, 1980 च्या त्यांच्या पुस्तकाच्या तयारीत ती पुन्हा हाती आली. छापून आलेल्या चित्रात रोझ झेनेर यांनी स्वतःला ओळखले, आणि 1982 मध्ये दोघांची भेट झाली. मी हे सगळे ‘सुदैवी योगायोग’ या शीर्षकाखाली टाकणार होते. आपण थांबवून म्हणालात, ‘‘योगायोग कसला? आधी ती ‘एक संपकरी स्त्री’ होती, आता तिला नाव मिळाले.’’ व्याख्यानात मी हेच वाक्य वापरले, आणि ते आपले आहे हे तेव्हा सांगितले नाही, आता सांगते.

याच वाटेने आपण मला फोटोओळीवरून झालेल्या त्यांच्या भांडणांपर्यंत नेलेत. चित्र संपादकाच्या हाती दिले की आपली जबाबदारी संपली, असे रोनीस यांनी मानले नाही. संपकऱ्यांच्या चित्राखाली संपाविरुद्धचा मजकूर छापून आला, तर चित्रातल्या माणसांचा विश्वासघात होतो आणि त्यात आपला हात असतो, अशी त्यांची धारणा होती. त्यापायी त्यांचे मोठमोठ्या नियतकालिकांशी खटके उडाले, हातची कामे गेली, आणि राफो या छायाचित्र संस्थेपासूनही ते बरीच वर्षे दूर राहिले. ‘मानवतावादी’ हा शब्द मी तोपर्यंत लहान मुले, प्रेमी युगुले आणि धुक्यातल्या पायऱ्या यांच्यासाठी वापरत होते. बेलव्हिल आणि मेनिलमाँताँ या कामगार वस्त्यांमधील त्यांच्या चित्रांत पायऱ्या आहेतच, आणि त्या सुंदरही आहेत, पण हा शब्द मला खऱ्या अर्थाने या कटकटीत सापडला.

घरच्या चित्रांपाशी आपण आवाज थोडा खाली आणलात. दक्षिण फ्रान्समधल्या गॉर्द या गावातल्या पडक्या घरात 1949 च्या उन्हाळ्यात पाठमोऱ्या उभ्या राहून तोंड धुणाऱ्या पत्नीचे, मारी-आन यांचे, ते चित्र: वरच्या मजल्यावर गिलावा करता करता हवी असलेली थापी आणायला रोनीस खाली आले, ‘आहेस तशीच राहा’ म्हणाले, चार वेळा खटका दाबला आणि त्यातले दुसरे निवडले. त्याच घराच्या खिडकीतून 1952 मध्ये खेळण्यातले विमान सोडणारा मुलगा व्हँसाँ. तो 1988 मध्ये हँग-ग्लायडिंगच्या अपघातात गेला. आणि त्याच वर्षीचे पॅरिसजवळच्या नोजाँमधले चित्र, ज्यात पानांच्या दाटीत मला माणूसच दिसेना. ‘‘खाली बघ, बाकावर,’’ आपण म्हणालात. मी चित्रावर बोट फिरवत गेले, आणि नखाएवढ्या मारी-आन सापडल्या. स्मृतिभ्रंशाने त्या तेव्हा हळूहळू दूर चालल्या होत्या. फोनवर आपण दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

बाई, व्याख्यानाची आता पुस्तिका निघत आहे. या शेवटच्या चित्राखाली मी ‘मारी-आन, नोजाँ, 1988’ एवढेच लिहिले आहे. त्यापुढे दोन भावपूर्ण वाक्ये लिहिली होती, ती काल खोडली. मुद्रिते सोबत पाठवली आहेत. फोटोओळी आधी वाचाव्यात, आणि कुठे एखादा शब्द अधिक झाला असेल तर पेन्सिलीने काट मारावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
फोनवरची विद्यार्थिनी